एरेमिताची गुलाबी भिंत

तिया एर्लिंदाच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, एक जुनं तैलचित्र टांगलेलं असायचं. मागे उघडा रखरखीत माळ, पुढे मातीच्या विटांचं आमचं चर्च, आणि चर्चच्या भिंती चक्क गुलाबी! खाली सही नाही. तियाच्या लहानपणी पूर्वेकडच्या शहरातला कुणी चित्रकार उन्हाळाभर गावात राहिला होता आणि तियाची आई, एरेमिता, त्याच्याकडे स्वयंपाकाला जायची. चित्र त्याचंच, जाताना देऊन गेला, असं सगळं गाव म्हणे. तिया म्हणे, "माझ्या आईनं काढलंय."

"मग तिला रंग दिसत नव्हते का गं, वहिनी?" तिचा दीर बेलार्मिनो दर वेळी हेच विचारायचा. "आपलं चर्च बघ. तव्यावर करपलेल्या तोर्तियासारखं तपकिरी!"

"तू जेव गप. नाहीतर रस्सा काढून घेईन."

सगळ्या गावाची ती तिया, म्हणजे मावशी. जीभ कुणापुढे हार मानायची नाही. पण एकदा भाजलेल्या मिरच्या सोलता सोलता ती मला हळूच म्हणाली, "तुला म्हणून सांगते, माझी मलाच खात्री नाही. आईच्या हातात कुंचला पाहिलेला आठवतो. पण ती रंगवत होती, की त्या माणसाचे कुंचले धूत होती, देव जाणे."

त्या वर्षी फादरनी ठरवलं, सांता आनाच्या सणाला ते चित्र चर्चमध्ये लावायचं, खाली लाकडी पाटी कोरून. "नाव कुणाचं घालू, एर्लिंदा? उद्या सकाळी सण आहे."

"आधी भिंत होऊ द्या," म्हणत तियानं थापी उचलली. आईच्या थडग्यावरचा लाकडी क्रूस केव्हाच कुजून गेला होता. एरेमिता हे नाव गावात आता कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी चर्च लिंपायचं असतं. आमच्याकडे पुरुषांनी चिखल तुडवायचा, त्यात गव्हाचं काड मिसळायचं, बादल्या वाहायच्या. भिंतीवर हात फिरवायचा तो बायकांनीच. आणि प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला, आईकडून लेकीकडे आलेला. दुसरीच्या पट्ट्याला बोट लावलंत, तर सणाचं जेवण भांडणात! दर वर्षी जुन्या थरावर नवा थर चढतो. पण या खेपेला तियाचा खिडकीशेजारचा पट्टा फुगून सुटला होता, म्हणून तो पार विटांपर्यंत खरवडायचा होता.

मी शिडी धरली होती. तिया वर. थापी आत सरकली आणि भाकरीएवढा पोपडा धपकन माझ्या पायाशी पडला.

"अगं बाई! वर बघ! शिडी सोडू नकोस, पण बघ!"

उघड्या विटांवर रंग होते! बोटाएवढे फराटे, एकाखाली एक. पहिला तपकिरी, मग जरा तांबूस, मग आणखी उजळ, आणि शेवटचा गुलाबी. चित्रातला गुलाबी!

"चित्रकारानं कुंचला पुसला असेल," खालून बेलार्मिनो म्हणाला.

शेजारच्या पट्ट्यावरून फिदेलिना कडाडली, "परक्या माणसानं? चर्चच्या भिंतीला? तेही एरेमिताच्या पट्ट्याला? त्याच कुंचल्यानं बडवला असता तिनं त्याला! रंग त्याचे असतील रे, पण ही छाती तिचीच. तेव्हाही पट्टा विटांपर्यंत खरवडला असणार, आणि संध्याकाळच्या आत आपणच हे लिंपून टाकणार, हे फक्त तिला माहीत होतं."

बेलार्मिनोनं डोकं खाजवलं. "ते ठीक आहे. पण गुलाबी का?"

तियानं शेवटच्या फराट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "चिखल द्या. सण थांबणार नाही."

तिनं स्वतःच्या हातानं ते रंग पुन्हा झाकले. शेवटी पातळ माती घेऊन मेंढीच्या कातड्यानं तिनं भिंत गुळगुळीत केली, तेव्हा सूर्य डोंगराला टेकत होता. तिरपं ऊन भिंतीवर आलं.

"तिया!" मी किंचाळलेच. "खाली उतर! मागे ये! लवकर!"

ओली भिंत गुलाबी झाली होती. गालासारखी गुलाबी! एरवी या वेळेला सगळं गाव पोसोलेच्या, मक्याच्या रश्शाच्या, पातेल्यांभोवती असतं. ओल्या भिंतीजवळ असते ती फक्त काम न आटोपलेली बाई. हा गुलाबी त्या चित्रकाराला कुठला दिसायला!

गुडघे दुखतात म्हणून रोज रडणारा बेलार्मिनो धावत गेला आणि चित्र घेऊन धापा टाकत आला.

"उलटं धरलंयस, मेल्या!" फिदेलिना ओरडली.

सुलटं केलं. भिंतीला लावलं. रंगात रंग मिसळून गेला. बायकांनी एकच गलका केला. बादल्या काय वाजवल्या, मिठ्या काय मारल्या! तेवढ्यात ऊन उतरलं आणि भिंत बघता बघता पुन्हा तपकिरी झाली.

"फादर!" सगळ्यांत मोठा आवाज बेलार्मिनोचाच. "कोरा हो, कोरा! एरेमिता आबेयता!"

तियानं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले; तोंडभर माती झाली. "अक्षरं मोठी कोरा, फादर," ती म्हणाली. "आमच्या दिराला बारीक दिसत नाही."