ओटी घेतली, अर्ज मागे घेतला नाही

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि मी अपक्ष उभी राहिले. माझं म्हणणं एकच: निवडून येईल त्याने दर महिन्याला चौकात उभं राहावं, कोणतं काम मंजूर झालं, कुणाला दिलं, कुठे रखडलं ते सांगावं, आणि लोक विचारतील त्याचं उत्तर द्यावं. थेरगावात लोक हसले. “ताई, नगरसेवक काय शाळेतलं पोरगं आहे?” मी म्हटलं, हो, आहे. माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळीच समोरच्या उमेदवार दारात आल्या. म्हणजे मावळत्या नगरसेवकाची बायको. नवरा बाहेर गाडीत बसलेला. वॉर्डातल्या बायकांना देवदर्शनाला नेऊन आणलं होतं, त्याचा प्रसाद आणि ओटी घेऊन आल्या होत्या. मागे चार बायका आणि एक पोरगा, मोबाइल वर धरून. तो मोबाइल बघितला आणि मी सावध झाले.

“वहिनी, प्रसाद द्या,” मी म्हटलं, “ओटी राहू द्या.”

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. सासर गावठाणातलं जुनं, तिथे त्यांचाच शब्द चालतो. “न्हाई कसं म्हणतीस? दारात आल्याली सवाशीण, त्यात देवीची ओटी, आन् परत धाडायची व्हय? पदर कर पुढं.”

केला. कान रागाने तापले होते, पण केला.

तासाभरात तो फोटो सगळ्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं: ‘ताईंची माघार, वहिनींना जाहीर पाठिंबा’. नवऱ्याचा आकुर्डीहून कंपनीतून फोन. “अगं, इथं शिफ्टमधले सगळे मला विचारतायत. खरं काय आहे?” मी त्याच्यावरच खेकसले. तीन वाजता मुदत संपली, अर्ज तसाच होता. पण ऐकतं कोण? नाव मशीनवर राहील, आतून सेटिंग झालंय, असंच जो तो म्हणायला लागला. एवढे दिवस दारोदार फिरून जमवलेला विश्वास एका नारळापायी चालला होता.

संध्याकाळी डांगे चौकाजवळ माझी कोपरा सभा आधीच ठरलेली. जाऊ नये असं फार वाटलं. गेले. पुढेच गॅरेजवाले चाचा उभे होते. त्यांच्या शटरवर त्यांनी स्वतः माझं पोस्टर लावलं होतं.

“ताई, खरं सांगा,” ते म्हणाले, “बसलात ना शेवटी?”

असा संताप आला, वाटलं माइक फेकून घरी जावं. पण मीच तर सांगत फिरत होते, चौकात उभं करून विचारा म्हणून. पहिली मीच सापडले.

“अर्ज मागे घेतलेला नाही,” मी म्हटलं. “ओटी घेतली, तेवढंच.”

“घेतली कशाला मग?” मागून कुणीतरी ओरडलं.

काय सांगू? चौकात सासूचं नाव घेऊ? लोक कुजबुजायला लागले, दोघंतिघं निघालेसुद्धा.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सासूबाई पुढे आल्या. निवडणुकीच्या सभेत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला माइक ओढून घेतला.

“ओटी घ्यायला म्या लावली. ती नगं म्हणत हुती. फोटूचं मला काय ठावं? पर चूक माझी हाय. काय इचारायचं त्ये मला इचारा.”

निघालेले थांबले. चाचांनी मान हलवली आणि हसून विचारलं, “मग आजी, मत सुनेलाच ना?”

“त्ये न्हाई सांगायची,” सासूबाई म्हणाल्या. “मत ज्याचं त्याला ठावं.”

सगळे खदखदून हसले. मी मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाई थट्टा करत नव्हत्या.