वज्र कशाचं असतं

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. पाट्याला टाकी लावणारी एक बाई मखमलाबादला आमच्या दारात बसली होती. नाव मी विचारलं नाही. छिन्नीनं चार घाव घालायची, फुंकर मारायची, गुळगुळीत राहिलेली जागा बोटानं शोधायची अन् परत घाव. दमली होती, पण हात थांबत नव्हता.

"बाबा, यावर वाटतं कोण?"

"कोणी नाही. बायको गेली. लेकीनं आईची आठवण म्हणून पाटा मागितला, मी दिला नाही. दोन वर्षं बोलणं बंद आहे. गाव मला वज्र म्हणतं," मी ताठ्यात सांगितलं.

ती हसली. "वज्र कशाचं केलं व्हतं, ठाऊक हाय का? हाडांचं. देवांनी मागितली अन् त्या ऋषीनं आपली हाडं देऊन टाकली. तुमच्यानं तर दगूड देववंना!"

मला राग आला. ही कथा मीही लहानपणी ऐकली होती, पण देणाऱ्याकडं कधी लक्षच गेलं नव्हतं. अन् खरं सांगतो, ताठ राहून राहून मीही थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटा-वरवंटा गोणपाटात बांधला, रिक्षा केली अन् गंगापूर रोडला लेकीच्या दाराची बेल वाजवली.