ऱ्हाईनने तीनदा परत केलेला नारळ

बोट मुंबईचा धक्का सोडील तेव्हा हा नारळ समुद्राला द्यायचा, असे मावशीने बापूला बजावले होते. नारळ चौलच्या स्वतःच्या वाडीतला, शेंडीसकट. पण बोट सुटली तेव्हा माझा हा मावसभाऊ कठड्याला धरून पोटातले सगळे समुद्राला देत होता. नारळ तेवढा राहिला. आठवला तो थेट जर्मनीत, कलोनच्या खोलीत ट्रंक उघडल्यावर.

"नाना, आईला काय सांगू? खोटं बोललो तर ती डोळ्यांत बघून वळखते."

"समोर नदी आहे. ऱ्हाईनही शेवटी समुद्रालाच मिळते."

कलोन पाहायचे तर स्टेशनाबाहेर पडून मान वर करावी. कॅथेड्रल समोरच उभे आहे. मनोऱ्याला पाचशेवर पायऱ्या आहेत, तेव्हा भरल्या पोटी चढू नये. वरून सारे शहर दिसते. बापूला फक्त नदी दिसली.

"हितनं टाकू?"

"खाली माणसं आहेत, बापू."

पूल कॅथेड्रलच्या मागेच आहे. मधोमध थांबून बापूने हात जोडले आणि नारळ सोडला. आम्ही पूल उतरतो तोच एक होडीवाला धापा टाकत आला. त्याने टोपी काढली, ओला नारळ बापूच्या हातात ठेवला आणि बक्षीसही घेतले नाही.

दुपारी जेवायला बटाटे, कोबी आणि पुन्हा बटाटे. लोणच्याची बरणी सोबत न्यावीच. जेवून आम्ही नदीकाठी गेलो आणि आजूबाजूला माणूस नाही असे पाहून बापूने नारळ भिरकावला. माणूस नव्हता, कुत्रा होता. शेंडी दातांत धरून त्याने नारळ आणून दिला. मागून त्याची मालकीण आली.

"काय म्हणतेय?" बापूने विचारले.

"आणखी एकदा टाका म्हणते. त्याला मजा आली."

दुसऱ्या दिवशी ऱ्हाईनवरची आगबोट घेतली. ही सफर चुकवू नये. डाव्या बाजूची बाके धरावीत. बापूने मागच्या टोकाला जाऊन नारळ हळूच सोडला. पाण्यावर डुलणारी ती शेंडी पाहून खलाशी ओरडला, "माणूस पडला!" बोट थांबली. दोन बायका रडू लागल्या. सगळ्यांना वाटले, तो काळा परदेशी पाहुणाच बुडाला.

"मी हितं हाय! हितं हाय!" बापू हात हलवत ओरडत होता.

कप्तानाने नारळ काढून त्याला दिला आणि तीन वाक्ये सुनावली. मी त्यांचे भाषांतर केले नाही.

परतीच्या समुद्रात नारळ टाकायला बापू तयार होईना. "आक्खी बोट थांबवतील, नाना."

चौलला पोचताच त्याने आईला सारे खरे सांगितले. मावशीने नारळ कानाशी हलवला. "पाणी आटलं. जा, आत्ताच्या आत्ता दर्यात टाकून ये."

आम्ही टाकून आलो. संध्याकाळी मावशीला घेऊन पुन्हा किनाऱ्यावर गेलो, तर भरतीने नारळ वाळूवर आणून ठेवलेला. बापूचा चेहरा उतरला.

मावशीने नारळ उचलून पदराने पुसला. "दर्यानं तुला परत आणलं, तसं ह्यालाबी. आता कुणाला द्यायचा न्हाय. चल घरी."

कलोनच्या मनोऱ्याचे कोरीवकाम आता मला धूसर आठवते. मावशीने त्या खोबऱ्याची केलेली चटणी मात्र जिभेवर आहे. मला तिच्यात किंचित ऱ्हाईनची चव लागली. बापूच्या मते ती कुत्र्याची होती.