दोन खाचांची पट्टी

लेखणी धरण्याचा अधिकार नसता लिहिते आहे, क्षमा असावी. जवसाच्या तेलाचा वास आला की ग्वाल्हेरच्या घरातली एक दुपार आठवते. फौजेच्या जुन्या रायफली दुरुस्त करणाऱ्या दिवंगत सासऱ्यांची, त्याच वासाची हत्यारपेटी दिरांनी भंगारात काढली होती. त्यातली दोन खाचांची पोलादी पट्टी कोणालाच ओळखू येईना. "बाटली खोलायची असेल," दीर हसले. "गप रे! खंडेनवमीच्या पूजेला तुझे वडील एकेक हत्यार समजावायचे," सासूबाई म्हणाल्या. "रायफलीची काडतुसावर आदळणारी सुई किती पुढे येते, ते हिनं बघायचं. खोल खाचेतून सुटावी, उथळ खाचेत अडावी." मी थक्क झाले. दारातल्या भंगारवाल्याला दीरच म्हणाले, "भैया, रहने दो." आता सासूबाई नाहीत. यंदा पूजेला हे सांगणे मला जमेल, असे तुम्हाला वाटते का?