लक्षताईंचा नोटिशीचा पगार

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर नायिका नसते, नुसता तिचा आवाज असतो. पत्र्याचं उंच छप्पर, त्याखाली ओळीने फलाट, नुकत्याच पुसलेल्या फरशीला फिनेलचा वास. बाकावर कोणी पिशवीला टेकून पेंगतंय, एक ड्रायव्हर गाडीच्या आरशात बघून उरल्यासुरल्या केसांचा भांग पाडतोय. वरच्या कर्ण्यात जराशी खरखर होते आणि मग तो आवाज येतो: ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’ पेंगणारा डोळे उघडतो, ड्रायव्हर कंगवा खिशात घालतो, रडणारं पोर क्षणभर गप्प होतं. एवढ्या गर्दीत ज्याला त्याला वाटतं, हाक आपल्यालाच मारली.

हा आवाज ज्या बाईंचा, त्यांना सगळा बस स्टँड लक्षताई म्हणायचा. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत त्या वीसेक वर्षं बसल्या. बसल्या म्हणजे उभ्या राहिल्या, कारण बसून बोललं की पोट दबतं आणि आवाज घशातून निघतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा आणखी एक नेम होता. गाडीची चाकं फलाटाला थांबलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘गाडी लागली आहे’ म्हणायचं नाही. खालून कंट्रोलर हात नाचवून ओरडायचा, ताई, वळणावर आलीच आहे, बोलून टाका की. ताई मान हलवायच्या.

“येतेय आणि आलीय, या दोन्हींच्या मध्ये म्हाताऱ्या माणसाचे गुडघे असतात,” असं त्या एकदा त्याला म्हणाल्या, तेव्हापासून त्यानेही घाई सोडली.

घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. दोन खोल्या. पुढच्या खोलीत नवरा शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. दिवसाचे चार शब्द वापरले की पाचवा उद्यासाठी राखून ठेवणारा माणूस. आतल्या खोलीत सासूबाई. त्यांचे कान बरेच गेले होते. स्वतःच्या पोराचं पुटपुटणं, शेजारणीची बडबड, काही म्हणजे काही पोचायचं नाही. सुनेचा आवाज तेवढा पोचायचा. घरातला तर पोचायचाच, पण वाऱ्याची दिशा बरी असली तर स्टँडवरचाही स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायचा. भाजी निवडता निवडता सासूबाई कर्ण्याला उत्तर द्यायच्या. नदीपलीकडची गाडी तीन नंबरला लागली, असं ऐकलं की म्हणायच्या, “लागू दे बाई, तू आधी जेवून घे.”

अशा सुखाला दृष्ट लागायला कोणी बाहेरचं लागत नाही. लक्षताईंचा घसा बसायला लागला. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळची पहिली गाडीच फाटक्या आवाजात लागली. डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. साधी होती, पण वाढती होती. दोन-अडीच महिन्यांत काढली तर आवाज राहील, त्यापुढे गेलं तर गाठ निघेल पण आवाजाची हमी नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. काढल्यावर बरेच दिवस मौन, आणि कर्ण्याची नोकरी कायमची बंद. तोवरसुद्धा जपून बोला, म्हणाला. जपून बोला हे घोषणा करणाऱ्या बाईला सांगणं म्हणजे माशाला जपून ओलं व्हा म्हणण्यासारखं.

त्या रात्री नवऱ्याने हिशेब मांडला आणि चारपेक्षा बरेच शब्द खर्च केले. राजीनामा द्यावा. नोटीस दोन महिन्यांची आहे. त्या दोन महिन्यांच्या पगारात ऑपरेशन होतं. कोणापुढे हात पसरायला नको. नोटीस संपेल त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखल व्हायचं. हिशेब इतका चोख जमला की दोघांनाही हायसं वाटलं.

स्टँड चालवणाऱ्या कंपनीचा मॅनेजर नवा होता. काहीही विचारलं की ‘बघू’ म्हणायचा, म्हणून ड्रायव्हर त्याला बघूसाहेब म्हणत. लक्षताईंचा राजीनामा मात्र त्याने न बघताच घेतला. वर गोड बोलला. कंपनीची पद्धत अशी, की राजीनामा दिला की चालू पगार थांबतो आणि नोटिशीचे पगार जाताना एकरकमी हातात पडतात. तेवढ्यात एक काम करून द्या म्हणाला. नवीन यंत्र येतंय. तुमच्या आवाजात सगळं भरून ठेवू. तुम्ही गेलात तरी तुमचा आवाज स्टँडवर राहील.

आता यात मेख काय होती, ती शहाण्याला लगेच दिसली असती. पण ज्याने जन्मभर आवाजावर पोट भरलं, त्याला कोणी ‘तुमचा आवाज राहील’ म्हटलं की त्याचं शहाणपण चुलीत जातं. लक्षताईंचे डोळे पाणावले. त्यांनी साहेबांना चहा पाजला.

स्टँडवरच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगून रेकॉर्डिंगची सोय झाली. बेवारस छत्र्या, ट्रंका आणि एकेकटे बूट यांच्यामध्ये माईक उभा राहिला. यंत्राबरोबर आलेला ध्वनीवाला भला माणूस होता. त्याने सांगितलं, सुटे सुटे शब्द द्या. आकडे वेगळे, गाड्या वेगळ्या, ‘फलाट’ वेगळं, ‘लागली आहे’ वेगळं. यंत्र जोडून घेईल. त्याने जोडून ऐकवलंही. लक्षताईंनी ते ऐकलं आणि कानावर हात ठेवले. जणू एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड आणि तिसऱ्याचे पाय शिवून माणूस उभा केला होता.

“असं बोलणाऱ्या बाईवर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता,” त्या म्हणाल्या. “पूर्ण वाक्यं देते मी. प्रत्येक गाडीचं, तिच्या ठरलेल्या फलाटासकट.”

ध्वनीवाल्याने घशाकडे बोट केलं. त्यांनी ते बोट खाली केलं.

मग काय विचारता. घरी मौन आणि स्टँडवर आख्खं वेळापत्रक. नदीपलीकडची, खाणीची, टेकडीवरच्या शाळेची, बंदराची. वेळेवरची, उशिराची, रद्द झालेली. हरवलेल्या मुलासाठीची घोषणा त्यांनी तीनदा केली, कारण पहिल्या दोनदा ती आईला घाबरवील अशी झाली होती. गरम पाणी पीत, लवंग चघळत, एकही वाक्य अर्धं न सोडता त्यांनी दोन महिन्यांचं काम महिना उलटायच्या आत संपवलं. लवकर संपलं तर उरलेल्या दिवसांत काचेच्या खोलीत नुसतं बसता येईल, घशाला विसावा मिळेल, हा त्यांचा भाबडा हिशेब. नाटक वेळेआधी संपलं म्हणून तिकिटाचे पैसे परत मागणारा प्रेक्षक त्यांनी कधी पाहिला नव्हता.

काम संपल्याचं सांगायला त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. बघूसाहेबांनी हात जोडून आभार मानले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. आता गरजच नाही. कंपनी तुम्हाला नोटिशीतून मोकळं करतेय.

ताईंनी विचारलं, उरलेल्या महिन्याचा पगार?

“बाई, कामावरच नाही, तर पगार कसला?”

राजीनाम्यात तारीख लिहिली आहे, असं ताई म्हणाल्या. त्या तारखेपर्यंत मी यायला तयार आहे. झाडू मारायला सांगा, तिकिटं फाडायला बसवा.

“तारीख तुमची होती,” साहेब म्हणाले, “गरज आमची होती.”

आणि झालेल्या महिन्याचा? तो हेड ऑफिसमधून येईल. कधी? बघू. ताई चिडल्या. आवाज चढवायला गेल्या, तर घशातून नुसती हवा आली. नेमकं त्याच वेळी वरच्या कर्ण्यात यंत्राने पहिली घोषणा दिली: ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’ ठणठणीत, गोड, काठोकाठ भरलेला आवाज. साहेबांनी हसून कानाला हात लावला, काही ऐकू येत नाही बाई, अशी खूण केली. लक्षताईंना लक्षताईंनीच गप्प केलं.

पुढचे आठवडे खेटे घालण्यात गेले. आधी पगाराच्या कागदावर कंपनीच्या गोदामवाल्याची सही लागली, माईकचा स्पंज फाटलाय म्हणून त्याने ती अडवली. स्पंजचे पैसे भरले, तर सही करणारा रजेवर. नवऱ्याने आपली एक चांगली मशीन विकायला काढली; गिऱ्हाईक आलं, त्याने निम्मी किंमत सांगितली. ऑपरेशनची पहिली तारीख कोरडी गेली. खासगी दवाखाना सोडून धर्मादाय दवाखान्याच्या रांगेत नाव लावलं, तिथे दीड महिन्यानंतरचा नंबर लागला. डॉक्टरने दिलेली मुदत मधल्या मध्ये केव्हाच उलटली. लक्षताई पाटीवर लिहून बोलायच्या. सासूबाईंना पाटी वाचता यायची नाही. त्या खिडकीशी बसून कर्णा ऐकायच्या आणि मागे वळून बघायच्या, तर सून चुलीशी उभी.

“अगं, तू इथे आहेस, तर तिथे कोण बोलतंय?” त्या विचारायच्या. “आणि माझ्याशी का बोलत नाहीस? माझं काय चुकलं?”

ताई पाटी खाली ठेवायच्या आणि त्यांचं ताट वाढायच्या.

आणि मग एक गोष्ट घडली, जी फक्त या स्टँडवरच घडू शकत होती. पाइप टाकायला तीन नंबरचा फलाट खोदला आणि नदीपलीकडची गाडी पाचला लागू लागली. यंत्रात त्या गाडीचं पाच नंबरचं वाक्यच नव्हतं. सुटे शब्द असते तर बदलता आले असते. ताईंनी दिली होती अखंड वाक्यं. यंत्र ठणठणीत आवाजात माणसांना तीन नंबरच्या खड्ड्याकडे पाठवी. गाडी पाचवरून निघून जाई. म्हातारी माणसं सामान घेऊन इकडून तिकडे धावत आणि लक्षताईंच्या नावाने बोटं मोडत. जी बाई चाक थांबल्याशिवाय तोंड उघडत नव्हती, ती आता दिवसभर खोटं बोलत होती. खिडकीतून ते ऐकताना ताई भाकरीचं पीठ मळता मळता थांबायच्या.

ध्वनीवाला निरोप घेऊन घरी आला. खाली मान घालून म्हणाला, साहेबांनी बोलावलंय, एकच वाक्य आहे. ऑपरेशनला चार-पाच दिवस उरले होते. नवरा म्हणाला, “जाऊ नकोस.” त्या दिवसाचे त्याचे तेवढेच शब्द. ताईंनी साडी बदलली आणि गेल्या.

केबिनमध्ये बघूसाहेबांनी खुर्ची पुढे केली. लोक तक्रारी करताहेत, वर कळलं तर माझी नोकरी जाईल, म्हणाले. ताईंनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून खूण केली: माझा पगार? ते म्हणाले, हेड ऑफिसकडे आहे, बघू, आज तेवढं वाक्य द्या. माणुसकी म्हणून. ताईंनी मान डोलावली आणि हरवलेल्या सामानाच्या खोलीकडे निघाल्या. साहेबही मागोमाग आले.

पुढचं इथेच सांगून टाकू, कारण शेवटचा शब्द तिचाच असायला हवा. ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. कुजबुजण्याएवढासुद्धा उरला नाही. पगार आला नाही, ना अर्धा ना पुरा. कंपनीने दुसरी बाई आणली, तिच्याकडून सुटे शब्द भरून घेतले आणि सगळं नीट चालू झालं. सासूबाईंच्या खिडकीतून आता कोणी ओळखीचं बोलत नाही. त्या दिवशी त्या खोलीत जे बोललं गेलं, ते तीन माणसांनी ऐकलं: साहेबांनी, ध्वनीवाल्याने आणि जिने म्हटलं तिने. साहेबांनी ते तिथल्या तिथे पुसायला लावलं.

लक्षताई माईकपुढे उभ्या राहिल्या. पाठ ताठ केली, गरम पाण्याचा घोट घेतला. लाल दिवा लागला. घशात कुठून कुणास ठाऊक, पण जुना, भरलेला आवाज एकदाच आला, आणि एकही शब्द न तोडता त्या म्हणाल्या:

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ज्या बाईचा हा आवाज आहे, तिचा नोटिशीचा पगार अद्याप लागलेला नाही. तो कोणत्या फलाटावर येईल, हे सांगता येत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”