पातळ साय

त्या मे महिन्यात इंदूरच्या मल्हारगंजात ऊन असं पडलं की आमच्या पोहेवाल्याने भट्टी पेटवणंच सोडून दिलं. कढई नुसती ओट्यावर ठेवायची, कांदा आपोआप तडतडायचा. हे मी पाहिलेलं नाही, पण सांगितलं शंभरदा, आणि शंभरदा लोक हसले. माझं सगळं आयुष्य असंच गेलं. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं मी काचेच्या नळ्या धुतल्या. गल्लीत मात्र मला सगळे प्रोफेसर काका म्हणतात, कारण नळ्या कोण धुवायचं हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

आमच्याकडे बंदीचं दूध यायचं. इंदुरात रोजच्या बांधलेल्या दुधाला बंदी म्हणतात. पंधरा वर्षं एकच माणूस, धार रोडच्या पुढच्या एका गावाहून मोटरसायकलला दोन कॅन लटकवून यायचा. घरच्या दोन गाई, काळ्या-पांढऱ्या, संकरित. गल्लीतली नऊ मराठी घरं त्याची आणि त्या नऊ घरांवर त्याचं घर चालायचं. बोलणं फार नाही. “राम राम साब,” म्हणायचा, माप ओतायचा, वरून एक धार जास्तीची सोडायचा आणि पुढच्या दाराला जायचा.

आमच्या बायकांकडे दुधाची परीक्षा एकच, साय. आठवडाभर साठवायची, विरजायची, घुसळायची आणि त्या तुपावर शेजारणीला जळवायचं. आमच्या घरची साय अशी जाड असायची की एकदा तिच्यावर माशी बसली आणि चालत पलीकडे गेली. त्या मेमध्ये ती पतंगाच्या कागदासारखी झाली.

“अहो, हा पाणी घालायला लागला वाटतं,” बायको म्हणाली.

“पंधरा वर्षांत घातलं नाही, ते आता घालेल?”

“मग साय काय मांजराने नेली?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या ठेल्यावर चार ओळखीचे चेहरे दिसले आणि जीभ सुटली. “अरे भिया, आमच्या दूधवाल्याने गाई विकल्या! सरळ नर्मदेच्या पाइपलाइनलाच आचळं बसवलीत.” एकाच्या नाकात शेव गेली. दुसऱ्याने हसत हसत त्याची पाठ थोपटली. मी खूश. संध्याकाळी ती गोष्ट माझ्याच दारात परत आली, तेव्हा तिचं लग्न होऊन तिला पोरंबाळं झाली होती. समोरच्या वहिनी सांगत होत्या, “ऐकलंत का काका? आपल्या दूधवाल्याला पाइपलाइनपाशी पकडलं म्हणे!”

रविवारी सकाळी तो आला तेव्हा नऊही घरं पातेली घेऊन उभी होती आणि कोणी पातेलं पुढे करत नव्हतं. “काका, तुमच्याकडे मोजायचं काही असेल ना?” कोणीतरी मला विचारलं. होतं. कॉलेजातून मी निवृत्त झालो तेव्हा एक लॅक्टोमीटरही, म्हणजे दुधात पाणी असलं की जास्त बुडणारी काचेची नळी, माझ्याबरोबर निवृत्त झाला होता. मी तो रेशमी रुमालात गुंडाळून आणला. रुमालाची काहीच गरज नव्हती.

दूध पहाटेचं, ताज्या धारेचं, वर वीस किलोमीटर तापलेल्या पत्र्यात हिंदकळत आलेलं. हात लावला तर निवत आलेल्या चहासारखं कोमट. गरम दुधात ही नळी जास्त बुडते, हे मला माहीत होतं. आधी दूध गार करायचं, मग मोजायचं. तीस वर्षं मास्तर लोक पोरांना हेच ओरडून सांगताना मी ऐकलं होतं. पण नऊ घरांचे डोळे माझ्या हाताकडे लागले होते. अशा वेळी “थांबा, आधी गार होऊ द्या” असं म्हणायला वेगळा माणूस लागतो. मी नळी सोडली. ती खाली गेली. मी मान हलवली, एक क्षण थांबलो आणि म्हणालो, “डूब गई.”

त्याने कॅनवर झाकण ठेवलं. मग म्हणाला, “साब, गर्मी से गाय बेहाल है. चारा नहीं छूती, बस पानी पीती है. दूध पतला ही उतर रहा है. घर चलके देख लो.”

“पानी गाय पीती है की कॅन पीता है?” मागून कोणीतरी म्हणालं आणि गल्ली हसली. त्या हसण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

आठवड्याभरात सहा घरं पिशवीच्या दुधावर गेली. अर्धे कॅन भरलेलेच घेऊन तो परत जाऊ लागला.

मी त्याच्या गावाला गेलो. पश्चात्तापाने गेलो असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी गेलो ते ठेल्यावर सांगायला नवा माल मिळावा म्हणून. भर दुपारी पोचलो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही गाई उभ्या होत्या. बसत नव्हत्या, कारण बसलं की जमीन भाजते. तोंडं उघडी, जिभा बाहेर, लाळेची तार खालपर्यंत, आणि बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या चाललेल्या. गव्हाणीत हिरवा चारा तसाच पडून सुकलेला. पाण्याचं पिंप मात्र तळाला गेलेलं. त्याची बायको लोट्याने गाईंच्या पाठीवर पाणी मारत होती. एका टोकाला पाणी पडेपर्यंत दुसरं टोक सुकत होतं. हे मी वाढवून सांगत नाही. तिथे मला वाढवायला काही सुचलं नाही.

“रोज दोपहर को ऐसे ही,” तो म्हणाला. “खाएगी नहीं तो दूध में क्या उतरेगा?” मला त्याने चहा दिला. लॅक्टोमीटरचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

परत येऊन मी जे पाहिलं तेच ठेल्यावर सांगितलं.

“मग काका, गाईला एसी लावायचा का?”

“लावला तर डायरेक्ट कुल्फीच देईल, भिया!” दुसऱ्याने भर घातली.

मी शपथ घेतली. माझी शपथ ऐकून तर लोक बाकावरून पडायचे बाकी राहिले. एक जण हात पुसत उठला आणि म्हणाला, “आज मजा नहीं आई काका. पाइपलाइनवाला बढ़िया था.”

घरी बायकोला सांगितलं की त्या दिवशी दूध गरम होतं, नळी बुडणारच होती. तिने हातातलं काम थांबवलं. “हे तेव्हा माहीत होतं तुम्हाला?” दुसऱ्या सकाळी ती पिशवीचं दूध घेऊन आली. सगळी गल्ली घेते, आपण वेगळं काय वागायचं, म्हणाली.

जूनच्या सुरुवातीला त्याने गाई विकायला काढल्या. दूध घ्यायला गिऱ्हाईक नाही आणि उन्हात त्यांना जगवायचं तर चारा-पाणी तेवढंच. मला कळलं तसा मी गेलो. या वेळी खरंच त्याच्यासाठी गेलो. उज्जैनकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला होता. धापा टाकणाऱ्या एका गाईभोवती फिरत त्याने विचारलं, “दूध कितना देती है?”

मला वाटलं, आता आपली वेळ आहे. मी पुढे झालो. “अठरा लिटर! सराफ्याच्या खाऊगल्लीतले रबडीवाले पहाटे हिच्या दारात लाइन लावतात, भाईसाब!”

“नहीं,” दूधवाला म्हणाला. आवाज वाढवला नाही. “अभी आठ देती है, पतला. गर्मी उतरेगी तो बारह.”

त्या माणसाने माझ्याकडे बोट केलं. “ये कौन है?”

“दूध लेते थे.”

त्या माणसाने गाईची कास चाचपली नाही, धार काढून पाहिली नाही. बारा म्हणतो तर बारा. तो दावं सोडायला खाली वाकला.

दोन्ही गाई टेम्पोत चढल्या. दूधवाल्याने पोती भिजवून त्यांच्या पाठींवर टाकली आणि फळी लावली. मी फळीपाशी उभा होतो. काहीतरी म्हणावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तो गाईकडेच बघत म्हणाला, “साब, ज़रा हट जाओ. हवा रुक रही है.”