साथबाईंची उरलेली दोन पानं

पोरांनी त्यांचं नाव साथबाई पाडलं आणि ते असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा जिन्यातून त्याच नावानं हाक मारायचा. काम एकच. व्हायोलिन शिकणारी पोरं परीक्षेला उभी राहिली की पियानोवर बसून साथ द्यायची. पहिली परीक्षा, दुसरी परीक्षा, असं करत करत आठवी; प्रत्येकीला ठरलेल्या रचना. पोरगं घाबरून मधल्या चार मात्रा गिळून पुढं पळालं, तरी साथबाई त्याच्या आधी तिथं जाऊन उभ्या. परीक्षकाला पत्ता लागायचा नाही. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रचना संपल्या की साथ करणाऱ्यानं खोलीबाहेर निघायचं, असा नियम. "सारवासारव झाली, आता सुटा," असं त्या स्वतःच म्हणायच्या.

आठव्या परीक्षेला एक तीन भागांची रचना असायची. परीक्षेपुरता त्यातला पहिला भाग, झपाझप वाजवायचा. दुसरा भाग संथ, चार पानांचा, आणि साथबाईंचा सगळा जीव त्या चार पानांत. पियानोचं त्यांना तोंडपाठ होतं. पण मुख्य सूर व्हायोलिनचा. एकट्यानं वाजवायचं म्हणजे पलीकडचं बोलणं ऐकू येत नसताना फोनवर नुसतं हं हं करत बसायचं. तरी त्या रोज दुपारी वाजवायच्या, आणि व्हायोलिन जिथं यायला हवं ती जागा रिकामी सोडायच्या.

"परीक्षा झाली की पुढचा भाग बघ हो, फार गोड आहे," असं त्या प्रत्येक पोराला सांगायच्या. पोरं म्हणायची, "नक्की." मग कॉलेजात प्रवेश मिळाला, की व्हायोलिन कपाटावर आणि पोरगं गायब. गरज सरो, वैद्य मरो. आपल्याला राग येत नाही, असं साथबाई सांगायच्या. यायचा हो, चांगला यायचा.

त्यात एक काडी होती. अंगानं काडी म्हणून नावही तेच. पहिल्या परीक्षेपासून ती साथबाईंकडे. तारांवर गज टेकवण्याआधी काडी एक छोटा श्वास घ्यायची आणि साथबाईही नकळत तेव्हाच श्वास घ्यायच्या. असं दुसऱ्या कुणाबरोबर कधी झालं नाही. ही तरी वाजवेल, असं साथबाईंनी मनात धरलं होतं, आणि मनात धरलेलं सुटता सुटत नाही.

काडीच्या आईचा मात्र एकच धोशा. "बाई, या आठ परीक्षांचा कॉलेजच्या प्रवेशाला उपयोग होतो ना?"

साथबाई खोटं बोलत नसत. "कुठं दोन गुण जास्त देतात. बहुतेक ठिकाणी काही देत नाहीत. पोरगी चिकाटीची आहे, एवढं कळतं त्यांना."

"म्हणजे होतो," आई म्हणायची. ज्याला जे ऐकायचं तेच ऐकू येतं, त्याला कोण काय करणार?

आठवी परीक्षा झकास झाली. काडी म्हणाली, "येते मी पुढचं शिकायला, नक्की." आणि आली नाही. जिन्यात पाऊल वाजलं की साथबाई हातातलं काम टाकून कान द्यायच्या. आपण वेड्यासारखं करतोय हे कळत होतं. पण त्यांना ती पोरगी समोर उभी हवी होती, त्याला काही इलाज नव्हता.

शेवटी आली ती आईच, आणि आईच्या मागे मान खाली घालून काडी.

"बाई, सगळा घोळ झाला," आई टेकायच्या आधीच सुरू झाली. "मुलाखतीत सर्टिफिकेटांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. विचारलं काय, तर हल्ली स्वतःच्या आवडीनं काय वाजवतेस? ही मुखस्तंभ. हातचं कॉलेज गेलं. आता पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजची मुलाखत आहे. तोवर आवडीचं काहीतरी बसवून द्या."

"आवडीचं," साथबाई म्हणाल्या. "आठवड्यात."

"तुमचा तो दुसरा भाग चालेल की. व्हायोलिनचे सर बोटं दाखवून देतील, तुम्ही साथ धरा."

दुसरं कुणी असतं तर दोघींना आल्या पावली परत पाठवलं असतं. साथबाईंनी उठून पियानोचं झाकण उघडलं. भुकेल्याला कसला आलाय मानापमान.

काडी रोज संध्याकाळी यायला लागली. पहिल्या दिवशी व्हायोलिनचा पहिला सूर आला, तो नेमका इतकी वर्षं रिकाम्या असलेल्या जागी. साथबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पियानोच्या पट्ट्या दिसेनात. "जरा सावकाश," त्या म्हणाल्या. काडी सावकाशच वाजवत होती.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी दोन पानं अगदी चोख झाली. सूर नुकता वर चढायला लागला होता, तोच काडीनं गज खाली घेतला.

"इथपर्यंतच बसवलंय. एवढं पुरेल ना, बाई?"

"कॉलेजला पुरेल."

काडी पेटीत ठेवण्याआधी गज सैल करायला लागली. पियानोच्या पट्ट्यांकडे बघत साथबाई म्हणाल्या, "मला नाही पुरत."

काडीचा हात थांबला. "तुम्हाला वाजवायचं होतं?"

"किती वर्षं झाली."

"मग कधी म्हणाला का नाहीत? तुम्ही नुसतं म्हणायचात, पुढचं गोड आहे, बघ. मला वाटायचं, आणखी एक अभ्यास."

समोरच्याच्या गजावर नजर ठेवायची आणि तो हलला की आपला हात हलवायचा, यात साथबाईंचा जन्म गेला. कुणाला 'चल, वाजवू' म्हणावं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

खाली आईनं गाडीचा हॉर्न दिला. काडीनं व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी खांद्याला लावली. "मुलाखत झाली की येते बाई. नक्की."

एरवी साथबाई "ये हो" म्हणून दार लावून घेत. त्या दिवशी दार लावायला उठल्या आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. काडी निम्मा जिना उतरली होती.

"मुलाखतीनंतर नको," साथबाई म्हणाल्या. "आत्ता वर ये."

"आई थांबलीये."

"थांबू दे तिला."

"पण पुढची दोन पानं मला येतच नाहीत."

"न येऊ देत." कठडा धरून त्या एक पायरी खाली उतरल्या. "तू खुशाल चुक. मी आहे ना."